पाच कोपऱ्यांचा हॉल

होम थिएटरचे स्पीकर बसवायला आलेल्या मुलाने पिशवीतून टेप काढली, हॉलच्या मधोमध उभा राहून एकदा गोल फिरला आणि विचारलं, “ताई, मेन सीट कोणती?” मी सोफ्याकडे बघितलं. नवऱ्याने बाबांच्या दिवाणाकडे बघितलं. लेकीने जमिनीवरच्या गादीकडे बोट केलं, आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “माझी खुर्ची हलवू नका रे, तिथे उजेड चांगला येतो.” तो मुलगा टेपचं टोक हातात धरून थांबला. त्याच्या कामाच्या दृष्टीने प्रश्न अगदी प्राथमिक होता. तो एक बिंदू ठरल्याशिवाय त्याला एकही कोन मोजता येणार नव्हता. शेवटी सोफ्याच्या मधल्या गादीवर त्याने चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि म्हणाला, “सध्या हे धरून चालू.” चिकटपट्टी संध्याकाळी निघाली. प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. भाजी निवडताना, गाडी चालवताना, मधेच आठवायचा. इतकी वर्षं आम्ही त्या घरात एकत्र बसतोय, आणि मेन सीट कोणती हे आमच्यापैकी एकालाही सांगता आलं नव्हतं.

पुण्यात एरंडवण्यात आमची जुनी सोसायटी होती, दोन मजली, पुढे आंब्याचं झाड. ती पाडून नवी इमारत झाली तेव्हा कोपऱ्यावरचा फ्लॅट आमच्या वाट्याला आला. रस्ता तिथे वळतो, म्हणून इमारतही वळली आणि तिच्याबरोबर आमच्या हॉलची भिंतही. टीव्हीची भिंत १२ फुटांची आहे. तिथून मागे यायला लागलं की उजवीकडे गॅलरीचं सरकतं काचेचं दार लागतं, जवळजवळ भिंतभर. दार संपलं की भिंत तिरकी होऊन आत येते, त्यामुळे सोफ्यामागची भिंत जेमतेम ९ फूट उरते. डावीकडे तर भिंतच नाही, डायनिंगची जागा उघडी आहे. दोहोंच्या सीमेवर वरून फक्त एक बीम जातो. पाच कोपरे आणि एक गायब भिंत. फर्निचरवाल्यापासून रंगाऱ्यापर्यंत जो येतो तो या हॉलकडे बघून एकदा डोकं खाजवतो. मला मात्र तो हॉल मनापासून आवडतो. संध्याकाळचं ऊन तिरक्या भिंतीवर पडून पार डायनिंगपर्यंत परततं, सरळ चौकोनी खोलीत ते तसं परतलं नसतं. आवाजाचंही काहीसं असंच होत असावं, असं मला उगीचच वाटत होतं.

पाच स्पीकर आणि खोल आवाजासाठी एक सब, अशी ही ५.१ची मांडणी कागदावर फार देखणी दिसते. ऐकणारा वर्तुळाच्या मध्यभागी. सेंटर स्पीकर बरोबर समोर, पुढचे दोन डाव्या-उजव्या बाजूला ३० अंशांवर, आणि बाजूने-मागून घेरणारा आवाज देणारे सराउंडचे दोन १०० ते १२० अंशांच्या दरम्यान, म्हणजे कानाच्या सरळ रेषेच्या थोडे मागे. अंतर सगळ्यांचं सारखं. सब कुठेही कोपऱ्यात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने हे कोन ठरवून दिलेले आहेत आणि चित्रपटाचा आवाज मिसळणारे लोकही साधारण अशाच मांडणीत बसून ऐकतात, म्हणून त्याला महत्त्व. आम्ही चिकटपट्टीवर दोरी धरली, लेकीच्या कंपासपेटीतला कोनमापक ठेवला आणि ११० अंशांची रेघ दोन्हीकडे ताणली. उजवीकडे ती सरकत्या दाराच्या काचेवर टेकली. डावीकडे ती बाबांच्या दिवाणावरून निघून डायनिंगच्या उघड्या जागेत गेली. तिथे ठोकायला भिंतच नव्हती.

उजवा काचेत, डावा हवेत.

माझं लहानपण नारायण पेठेतल्या वाड्यात गेलं. आमच्या दोन खोल्या आणि पुढे ओसरी. माजघराच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात रेडिओ. तो कोनाड्यात का, तर तिथेच फळी टेकत होती आणि तिथून जवळ वायर होती. आवाजाचा विचार कुणी केलेला नव्हता. पण तो दगड-मातीच्या जाड भिंतीतून असा काही घुमून यायचा, की बातम्या देणाऱ्याचा गळा मूळ होता त्याहून भारदस्त वाटायचा. आजी चुलीशी बसून ऐकायची, आजोबा ओसरीवरच्या झोपाळ्यावरून. झोपाळा पुढे गेला की आवाज कमी, मागे आला की जास्त, आणि कड्यांची करकर त्यात मिसळलेली. मी उंबऱ्यावर. एकाच रेडिओचे तीन वेगवेगळे आवाज आम्ही तिघं ऐकत होतो आणि आपापला आवाज हाच खरा, असं प्रत्येकाला वाटत होतं. आजही जुनी भक्तिगीतं कानावर आली की मला त्यात करकर ऐकू येते.

या सगळ्यावर बाबा मात्र वेगळ्याच वाटेने बोलायला लागले. त्यांना शिवाजीनगरचं राहुल थिएटर आठवलं. सत्तर एमएमचा तो रुंद पडदा, आणि तिकीट मिळेल तिथे बसायचं. “भिंतीवर किती स्पीकर होते माहितीये का? कडेला बसलो तरी काही बिघडायचं नाही,” ते म्हणाले. मी नंतर वाचत गेले तेव्हा त्यांच्या आठवणीतलं मर्म लक्षात आलं. १९५५ मध्ये टॉड-एओची सत्तर एमएम पद्धत आली, तिच्यात आवाजाचे सहा चुंबकीय पट्टे होते. पाच पडद्यामागच्या स्पीकरांसाठी आणि फक्त एक प्रेक्षागृहासाठी. तो एक पट्टा भिंतींवरच्या कितीतरी स्पीकरांतून एकदम वाजायचा. कुठल्याही खुर्चीजवळ एकच स्पीकर बोलतोय असं होऊ नये, ही त्यातली युक्ती. पुढे डावं-उजवं, मागचं-पुढचं वेगळं झालं, २०१२ मध्ये डॉल्बीचं ॲटमॉस आलं आणि छतातूनही आवाज यायला लागले, तरी थिएटरच्या भिंतीवरची ती स्पीकरांची रांग काही गेली नाही. शेकडो माणसं वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसणार, हे थिएटर बांधणाऱ्याने पहिल्यापासून धरलेलं असतं. घरासाठीचं चित्र काढताना मात्र ऐकणारा एकटा असतो. आमच्या घरात पाच माणसं आणि भिंतीवर डावा एक, उजवा एक.

त्या मुलाने सुचवलेला पहिला उपाय स्टँडचा होता. डावीकडे भिंत नसेल तर दिवाणाच्या कडेला स्टँड ठेवू, कानाच्या उंचीवर, कोन एकदम बरोबर येईल. कोन आला असता. पण त्या स्टँडपासून बाबांचं डोकं दोन फुटांवर आणि आईची खुर्ची नऊ फुटांवर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. त्या हिशेबाने बाबांच्या आणि आईच्या कानातला फरक १३ डेसिबल निघतो. खोलीत भिंती आवाज परतवतात म्हणून प्रत्यक्षात तो थोडा कमी भरेल. तरी १० डेसिबलला आपल्याला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो, हे ध्यानात घेतलं की बाबांनी चित्रपटभर काय ऐकलं असतं हे समजतं. समोर दोघं हळू आवाजात बोलताहेत आणि बाबांच्या कानाशी मात्र बाजारातला गलका.

त्यात बाबांचा डावा कान अधू आहे. कारखान्यात पत्रे दाबणाऱ्या यंत्रांच्या प्रेस शॉपमध्ये उभी हयात गेली, तेव्हा कानात बोळे घालायची पद्धत नव्हती. दिवाणाचा डावा कोपरा त्यांनी का धरला, हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं. तिथे बसलं की चांगला उजवा कान सगळ्या घराकडे राहतो. आवाज कुठून आला हे आपण दोन कानांमधल्या फरकावरून ओळखतो. एका कानाला तो दुसऱ्याहून फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांश इतका उशिरा पोचतो, आणि तेवढ्यावर मेंदू दिशा ठरवतो. बाबांना हा फरक मिळत नाही. त्यांच्यासाठी डावीकडे पडणारा पाऊस आणि उजवीकडे पडणारा पाऊस एकच. डाव्या सराउंडशी सगळ्यात जवळ बसणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग सगळ्यात कमी, आणि त्रास मात्र होणार, कारण गलक्यात शब्द बुडतात. हे सगळं मांडून बघितलं तेव्हा मला गलबलून आलं. त्यांनी कधी तक्रार केली नाही. “काय म्हणाला तो?” एवढंच विचारतात, आणि आई सांगते.

मग उंचीचा विचार सुरू झाला. पुस्तकं सांगतात की सराउंड कानाच्या उंचीवर किंवा थोडे वर ठेवा. आम्ही जरा जास्तच वर जायचं ठरवलं. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साडेतीन फुटांवर. स्पीकर साडेसात फुटांवर टांगला तर तो कानाहून चार फूट वर. आता कर्णाने मोजायचं. आडवं दोन फुटांचं अंतर साडेचार होतं, नऊ फुटांचं दहाच्या आत राहतं. जवळच्या माणसाचं अंतर दुपटीहून वाढलं, लांबच्याचं फुटाएवढंही वाढलं नाही. १३ डेसिबलचा फरक ७वर आला, केवळ स्पीकर वर नेल्याने. शाळेतलं पायथागोरस असं आईबाबांच्या मधे येऊन बसेल असं नववीत कुणी सांगितलं असतं तर मी गणिताला जास्त जीव लावला असता.

काही जण अशा जागी डायपोल लावायला सांगतात. त्यात पेटीच्या दोन बाजूंना तोंडं असतात आणि ती उलट्या फेजमध्ये वाजतात, म्हणजे एक हवा ढकलतं तेव्हा दुसरं ओढतं, त्यामुळे पेटीच्या बरोबर समोर आवाज क्षीण होतो आणि ऐकणाऱ्याला तो भिंतींवरून फिरून मिळतो. पसरट, धूसर, स्पीकर कुठे आहे ते कळू न देणारा. कल्पना सुंदर आहे. पण तिला भिंती लागतात. आमच्या डावीकडे अर्धा आवाज डायनिंग ओलांडून ओट्याकडे गेला असता आणि कुकरच्या शिट्टीत मिसळला असता. तो विचार सोडून दिला.

आवाजाचा उगम कुठे आणि तो वाटतो कुठे, यातली गंमत मी पहिल्यांदा अनुभवली ती सवाई गंधर्व संगीत महोत्सवात, रमणबागेत. आम्ही मागे भारतीय बैठकीत, शाली गुंडाळून. स्वरमंच इतका लांब की गायकाचा चेहरा दिसत नव्हता, नुसता हात दिसायचा. स्पीकर आमच्या बाजूलाच खांबावर होता. तरी डोळे मिटले की तानपुरा समोरून येत होता, त्या लांबच्या उजेडातून. १०० फूट यायला आवाजाला सुमारे ९० मिलिसेकंद लागतात. मागच्या स्पीकरला तेवढ्याहून किंचित जास्त उशीर दिला की मंचावरचा आवाज आधी पोचतो आणि कान आधी आलेल्या दिशेवर विश्वास ठेवतो. १९४९ मध्ये हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने हे मांडलं. थोड्या मिलिसेकंदांनी मागाहून आलेला तोच आवाज चांगला मोठा असला तरी कान पहिल्यालाच धरून राहतो. घरातला रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारं यंत्र, हेच करतो. प्रत्येक स्पीकरचं अंतर त्याला सांगायचं, मग तो जवळच्याला थांबवून लांबच्याबरोबर सोडतो, फुटाला साधारण एक मिलिसेकंद या हिशेबाने. फक्त हे अंतर एकाच जागेवरून मोजलेलं असतं. आमच्या रिसीव्हरबरोबर छोटा माईक आला होता. तो पाच-सहा ठिकाणी ठेवून ऐकवायचा आणि मग यंत्र सरासरी काढतं. पण पडद्यावर पहिली सूचना येते ती अशी की माईक आधी मुख्य जागेवर ठेवा. अंतरं त्या जागेवरूनच धरली जातात. यंत्रालाही तेच विचारायचं होतं.

नवरा म्हणाला, “दिवाण आणि सोफ्याच्या मधे ठेव, जिथे कुणीच बसत नाही.” मला हे पटलं. आजही पटतं. त्या जागी कुणालाच सगळं अचूक मिळत नाही, पण कुणाच्या कानात खिळाही ठोकला जात नाही. ज्या घरात एकट्याने ऐकायचं असतं तिथे मधली खुर्ची खरी. ज्या घरात चित्रपट थांबवून चहा होतो, तिथे स्पीकर सगळ्यात वाईट खुर्चीवर बसून लावले पाहिजेत, असं माझं ठाम मत झालं आहे.

काचेचं कोडं रात्री सुटलं. भिंतीवरचं परावर्तन शोधायला आरसा वापरतात. एकाने भिंतीलगत आरसा सरकवत न्यायचा, दुसऱ्याने जागेवर बसून बघायचं. आरशात स्पीकर दिसला की आवाजही तिथूनच आपटून येतो. आम्हाला आरसा लागलाच नाही. अंधार पडला, हॉलमधले दिवे लागले आणि सरकतं दारच आरसा झालं. सोफ्यावरून बघितलं तर पुढचे दोन्ही स्पीकर त्यात स्वच्छ उभे, एक तर आईच्या खुर्चीच्या पाठीला टेकलेला. म्हणजे आई जो संवाद ऐकत होती त्यातला बराचसा काचेवर आपटून येत होता. लेकीने टाळी वाजवली, काचेच्या बाजूने कडक उत्तर आलं. मग सुती पडदा काढून जाड, दुपदरी, भरपूर चुण्यांचा पडदा लावला, आणि सोफ्यामागे दिवाळी अंकांचं उघडं कपाट आणलं. वेगवेगळ्या रुंदीच्या, पुढेमागे झालेल्या अंकांवर आवाज विखुरतो, एका फटक्यात परत येत नाही. तिरक्या भिंतीने तर आधीच मदत केली होती. समोरासमोर समांतर भिंती असल्या की टाळीनंतर जो झणझणाट राहतो, तो आमच्याकडे त्या टोकाला नाही. ज्या भिंतीबद्दल बिल्डरशी वर्षभर वाद घातला तिचे मी आता मनोमन आभार मानते.

उजवा सराउंड त्या तिरक्या भिंतीवर गेला. काच संपल्यावरची पहिली ठोकण्याजोगी जागा तीच. कोन भरला १३० अंश. हा बाजूचाही नव्हे आणि पूर्ण मागचाही नव्हे. सात स्पीकरांच्या मांडणीत मागच्या जोडीला १३५ ते १५० अंश सांगितलेले असतात, त्याच्या अलीकडचा. डावा बीमवर. बीम पुढून मागे जातो म्हणून तिथे कुठेही टांगता आला असता, अगदी बरोबर ११०वरही. पण एक ११०ला आणि दुसरा १३०ला असला की चित्रपटात मागून जाणाऱ्या गाडीचा आवाज वाटेत अडखळतो. म्हणून डावाही मागे सरकवला, उजव्याच्या जोडीला. त्याने तो बाबांच्या डोक्यावरूनही हटला. वायरसाठी मी स्वतः इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत गेले. त्या गल्लीत मला लहानपणापासून बरं वाटतं, सोल्डरचा वास, काउंटरवर ओतलेले स्विच, आणि “किती मीटर?” एवढ्याच प्रश्नावर चालणारा व्यवहार. ४०/७६ म्हणजे ४० बारीक तारांची वायर घ्यायला गेले होते, दुकानदाराने लांबी विचारली, बीमवरून फिरून जाणार म्हटल्यावर ७० तारांची ७०/७६ मापून दिली. “लांब वायरला जाड घ्या, पुन्हा उकलायला लागू नये.” पांढऱ्या पट्टीतून ती बीमच्या कडेने गेली आणि पट्टीला भिंतीचाच रंग दिला.

पहिल्या रात्री आम्ही पावसाचा प्रसंग असलेला एक चित्रपट लावला. सोफ्याच्या मधल्या जागी बसून मला खरं सांगायचं तर थोडं चुकल्यासारखं झालं. त्या मुलाने स्टँड ठेवून ऐकवलं होतं तेव्हा माझ्या दोन्ही कानांशी थेंब पडले होते, इतके जवळ की अंगावर काटा आला होता. आता पाऊस होता, पण वरून आणि मागून, घराच्या पत्र्यावर पडावा तसा. बाजू मोकळी राहिली होती. पुढून मागे जाणारी आगगाडी खांद्यापाशी क्षणभर विरळ झाली. ती जाणीव पूर्ण गेलेली नाही, आजही एकटी बसले की होते. मग उठून आईच्या खुर्चीवर बसले, मग दिवाणावर, बाबांना सरकवून. तिन्ही ठिकाणी पाऊस होता. पूर्वी दिवाणावर नुसता पाऊस आणि खुर्चीवर नुसती काच होती. बाबांनी मधे दोनदाच “काय म्हणाला?” विचारलं.

त्यानंतर संवाद ज्यातून येतात तो सेंटर ३ डेसिबलने वाढवला. लेकीला ते आवडलं नाही, तिचं म्हणणं की पार्श्वसंगीत मागे पडतं, आणि तिचं खरं आहे. म्हणून रिसीव्हरमध्ये दोन मांडण्या साठवल्या आहेत. बाबा झोपले की ती तिची लावते. सबचं अजून ठरायचं आहे. लक्ष्मी रोडवर मिरवणुकीत उभं राहिलं की ताशा कुठल्या गल्लीतून येतोय ते सांगता येतं, ढोल मात्र सगळीकडून छातीत वाजतो. ८० हर्ट्झच्या, म्हणजे अशा खोल आवाजाची लाट १४ फुटांची असते, तिला कोपरे अडवत नाहीत आणि कानाला तिची दिशा लागत नाही. म्हणून सब कुठेही ठेवा म्हणतात. दिशेपुरतं ते ठीक आहे, पण आमच्या हॉलमध्ये सोफ्यावर तो गडगडतो आणि आईच्या खुर्चीवर जवळजवळ नाहीसा होतो, कारण खोलीच्या लांबी-रुंदीत काही लाटा काही जागी साचतात, काही जागी मिटतात. त्यावरचा जुना उपाय असा की सब ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायचा आणि आपण जमिनीवरून रांगत कोपरा कोपरा ऐकत फिरायचं. जिथे तो नीट ऐकू येईल तिथे सब न्यायचा. मी तो आईच्या खुर्चीवर ठेवणार आहे. खालच्या मजल्यावरच्या काकूंना दुपारी झोपायची सवय आहे, म्हणून हे काम रविवारी सकाळी करायचं, त्या मंडईत गेलेल्या असताना.